वज्रकेतू राहील की जाईल?

एका राज्यात वज्रकेतू नावाचा राजा होता, आणि तो कुणालाही नको होता. आता तुम्ही म्हणाल, नको होता तर राहिला कसा? तेच तर सांगायला बसलो आहे. जरा धीर धरा.

त्या राज्याचा रिवाज असा. दर सात वर्षांनी, चैत्राच्या पहिल्या दिवशी, वेशीबाहेरच्या माळावर मोठा ताजवा टांगायचा. उजवं पारडं ‘राहो’चं, डावं ‘जावो’चं. ज्यानं त्यानं आपल्या उंबऱ्याची मूठभर माती आणून मनात असेल त्या पारड्यात टाकायची. डावं पारडं खाली गेलं तर राजानं मुकुट उतरवायचा. उजवं गेलं किंवा दोन्ही समान राहिली, तर पुढली सात वर्षं तोच राजा. वज्रकेतू असा दोनदा राहिला होता.

गादीवर बसताच त्यानं नदीला बांध घातला आणि सारं पाणी आपल्या कमळतळ्याकडे वळवलं. पाणी मागायला रायाजी कुंभार दरबारात गेला. “महाराज, पाणी...” एवढंच त्याच्या तोंडून निघालं, तोच राजाच्या पदरी असलेल्या करालनाथ जादूगारानं चिमूटभर राख फुंकली आणि रायाजी उभ्याउभ्या दगड झाला. त्याला राजवाड्याच्या दारात ठेवून दिलं. करालनाथ म्हणाला, “हा राजा गेला तर दगडाचा माणूस होईल. राजा तिसऱ्यांदा राहिला, तर दगड कायमचा दगड.”

रायाजीची बायको गोजरा तेव्हा वीस वर्षांची होती. आता केसांत पांढरं आलं होतं आणि तिसरा ताजवा पाच दिवसांवर आला होता.

नगरीत दुसरा विषय नव्हता. ‘राहील’वाले उजव्या कानात झेंडू खोवत, ‘जाईल’वाले डाव्या. एकांचे पोपट ‘राहील’ म्हणत, दुसऱ्यांच्या साळुंक्या ‘जाईल’. केरोबा तांबोळ्याच्या दुकानात तर पहाटेपासून कल्ला. केरोबा ‘राहील’वाल्यांचा म्होरक्या. पानाला चुना लावता लावता तो पूर्वेच्या पेठेची मनं सांगे, पश्चिमेच्या आळीचा कल सांगे, आणि शेवटी मांडीवर थाप मारून म्हणे, “लिहून ठेवा, राहतोय!” समोरून कुणीतरी ओरडे, “गाशा गुंडाळतोय यंदा!” मग जुंपायची. विहिरीला पाणी नव्हतं, पण वादाला काही तोटा नव्हता.

गोजरा माळावर माती खणायला जाई. तिथं एक टिटवी अंडी उबवत बसलेली असे. ती माणसासारखी बोले, यात त्या राज्यात कुणाला नवल वाटत नसे.

गोजरानं तिला विचारलं, “टिटवीबाई, ज्याला त्याला राजा नको आहे. मग तो राहतो कसा?”

“चांगला प्रश्न आहे,” टिटवी म्हणाली. “उत्तर हवं तर तीन कामं कर. पहिलं, एक दिवस बाजारात बस आणि राजा राहील की जाईल, हे तोंडातून काढू नकोस.”

गोजराला हसू आलं. हे काय काम झालं? पण बाजारात बसली तेव्हा कळलं. येणारा जाणारा विचारी, “काय गोजराबाई, काय वाटतं?” ‘जाणारच मेला’ हे शब्द दहादा ओठांवर आले. तिनं पदराचं टोक दातांत धरलं. दिवस मावळता मावळता छातीत काहीतरी टोचू लागलं, एखादं काम करायचं राहून गेलं की टोचतं तसं. असं तिला गेल्या वीस वर्षांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टिटवी म्हणाली, “टोचलं ना? इतकी वर्षं टोचत नव्हतं, तोच करालनाथाचा शाप. राजाच्या पहिल्याच वर्षी त्यानं नगरीवर मंत्र टाकला: जो भाकीत करील, त्याला काम केल्याचं समाधान मिळेल. आता दुसरं काम. ताजव्यात माती टाकणाऱ्याच्या तळहाताच्या रेषा पुढल्या ताजव्यापर्यंत लाल राहतात. असा एक तळहात शोधून काढ.”

गोजरा मडकी घेऊन दारोदार फिरली. मडकं घ्यायला हात पुढे आला की ती तळहात बघे. सुताराचा पाहिला, सोनाराचा पाहिला, देवळातल्या गुरवाचा पाहिला. ‘राहील’वाल्यांचे पाहिले, ‘जाईल’वाल्यांचे पाहिले. सगळे कोरे. ताजव्याच्या आदल्या दिवशी नव्या घड्यानं स्नान करायचं असा राजाचा नेम होता, म्हणून शेवटी ती राजवाड्यात गेली. वज्रकेतूनं हातमोजा काढला आणि घडा घ्यायला हात पुढे केला.

तळहाताच्या रेषा लाल होत्या.

सगळ्या राज्यात माती टाकणारा माणूस एकच होता, आणि तो ती स्वतःसाठीच टाकत होता! गोजरा बाहेर आली. दारात रायाजी उभा होता, ‘पाणी’ म्हणायला उघडलेलं तोंड तसंच. तिनं आपला हात पदरानं खसखसून पुसला आणि उलगडून पाहिला. तिचाही कोराच होता. दोन्ही खेपेला तिनं गावभर ‘जाणारच’ म्हणून सांगितलं होतं आणि ताजव्याच्या दिवशी निवांत चाक फिरवत बसली होती. नवरा दगड होऊन उभा होता, तरी ती गेली नव्हती. ती तिथंच पायरीवर बसली आणि रडली.

मग उठून थेट माळावर गेली. “तिसरं काम सांग.”

“हे सगळं केरोबा तांबोळ्याला सांग.”

“त्या राहीलवाल्याला? मी आमच्यातलं एक माणूस नेते. राजाची एक मूठ, आमच्या दोन. झालं काम.”

“शाप सगळ्या नगरीवर आहे,” टिटवी म्हणाली. “अर्ध्या नगरीचा उतरत नाही.”

गोजराला हे मुळीच पटलं नाही. पण ती गेली. केरोबानं हातातलं पान खाली ठेवून सगळं ऐकलं. मग स्वतःचा तळहात पाहिला. काताचा डाग होता, तो ओल्या फडक्यानं पुसला, पुन्हा पाहिला.

“मी टाकली होती माती,” तो म्हणाला. “मला चांगलं आठवतं.”

“मलाही आठवत होतं, केरोबा.”

 आणि दुसऱ्या सकाळी, ताजव्याच्या दिवशी, वीस वर्षांत पहिल्यांदा त्याचं दुकान बंद दिसलं. तो मूठ आवळून माळाकडे निघाला होता. झालं! काय भानगड आहे ते बघायला अख्खी नगरी पोपट-साळुंक्यांसकट त्याच्या मागे. माती मात्र गोजरा सोडली तर कुणीच आणली नव्हती.

माळावर राजा होता, करालनाथ होता आणि दवंडीवाला होता. एवढी माणसं बघून दवंडीवाला गडबडला. राजानं मात्र शांतपणे हातमोजा काढला आणि आपली मूठ उजव्या पारड्यात सोडली. पारडं खाली गेलं. गोजरा पुढे झाली, तिनं डाव्या पारड्यात मूठ सोडली. दोन्ही पारडी समान झाली.

“समान!” करालनाथ ओरडला. “राजा राहिला!”

“थांबा,” केरोबा म्हणाला. “माझी राहिली आहे.”

लोकांत लगेच सुरू झालं. उजव्यात टाकील! छे, दिसतंय ना, चेहरा पडलाय! पैजा लागल्या.  गोजरानं त्या दगडावर आशा लावून वीस वर्षं काढली होती, आणि ती आशा आता एका तांबोळ्याच्या मुठीत होती.

वज्रकेतू म्हणाला, “ये केरोबा. मी राहीन, असं तू वीस वर्षं सांगत आलास.”

“होय महाराज,” केरोबा म्हणाला. “राहील असं सांगत आलो. राहावा की नाही, हे मला कुणी विचारलंच नाही. मीही स्वतःला विचारलं नाही. रात्री विचारलं.”

आणि त्यानं मूठ डाव्या पारड्यात सोडली.

पारडं खाली गेलं तसा मंत्र तुटला. करालनाथाची जादूची झोळी नुसतीच राखेनं भरलेली पिशवी झाली. साऱ्या नगरीच्या छातीत एकदम टोचलं. लोक कानातले झेंडू काढून आपापले तळहात बघू लागले आणि मग घराकडे धावले, उंबऱ्याची माती आणायला. दोन्ही पारडी भरून वाहिली, तरी डावं वर आलं नाही. वज्रकेतूनं मुकुट काढून गवतावर ठेवला.

आठ दिवसांनी नवा राजा निवडायला लोक जमले, तेव्हा रांग नदीच्या काठापर्यंत गेली होती. बांध लोकांनी फोडला होता आणि नदीला पाणी होतं. रांगेत वज्रकेतूही होता, आपली मूठ घेऊन. कुणी त्याला हटकलं नाही.

पण त्या सकाळी गोजराला यातलं काही दिसलं नाही. ती धावत राजवाड्याच्या दारात पोचली, तर रायाजी पायरीवर बसून अंगावरची धूळ झटकत होता. होता तसाच, चोवीस वर्षांचा. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, हात जोडले.

“मावशी, पाणी मागायला आलो होतो, उशीर झाला वाटतं. आमच्या गोजराला कुणी निरोप द्याल का? ती वाट बघत असेल.”

 गोजरानं लाल रेषांचा हात पुढे केला. रायाजीनं तो हातात घेतला, अंगठ्यावरचा चाकाचा जुना घट्टा चाचपला, आणि तो हात मग त्यानं सोडला नाही.

टिटवीची पिलं उडाली, ताजव्याच्या साखळ्या नव्या झाल्या, आणि माझ्या गोष्टीतली माती इथं संपली. जाता जाता आपला तळहात तेवढा पाहून जा.