परतीची लाँच

आमच्या खाडीत आधी एकट्या तात्या सुर्व्यांची लाँच होती. मग दुसऱ्या कंपनीचीही आली. धक्का मात्र तात्यांचाच. आजारी द्वारकाकाकू पलीकडच्या दवाखान्यात जायला निघाल्या आणि नव्या लाँचकडे वळल्या, तशी तात्यांनी वाट अडवली.

“काकू, जन्मभर माझ्या लाँचमध्ये बसलात. तिची एक खोट दाखवा, नाहीतर या धक्क्यावर पुन्हा पाय ठेवू नका!”

काकू दम घेत म्हणाल्या, “खोट नाही रे, तात्या. नेतोस तू चांगलाच. पण आमचे हे तिकडे गेले, तेव्हा ‘लाँचमध्ये मढं घेत नाही’ म्हणालास. ही माणसं घेतात. मी कशीही असले तरी जी घरी आणील, तिच्यातच बसते.”

नव्या लाँचची फळी तात्यांनी स्वतः धरली आणि काकूंना हात दिला.