मीठ चाखणारा आणि कुळथाचं कढण

फार फार पूर्वी, ज्याच्या आधीचं कुणालाच काही आठवत नाही अशा एका काळी, खाडीच्या काठावर एक गाव होतं. भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हात आटवायचं आणि मीठ ओढायचं, एवढंच त्या गावाला येत होतं. पण ते असं येत होतं की राजाच्या मुदपाकखान्यातही तिथलंच मीठ जाई.

त्या गावाची एक रीत होती. प्रत्येक दाराशी मिठाचं मडकं असे. घरी कुणी आलं की पाण्याच्या आधी त्याच्या तळहातावर चिमूटभर मीठ ठेवायचं. पाहुण्याने ते चाटायचं, "छान आहे हं" म्हणायचं आणि मगच टेकायचं. न चाटता कुणी बसलाच, तर तो भांडायला आलाय असं समजत.

या गावात एक म्हातारा राहत असे. त्याचं काम मीठ चाखण्याचं. रास तयार झाली की तो चिमूट जिभेवर टाकी, डोळे मिटी आणि म्हणे "भरा", नाहीतर म्हणे "मोडा". मोडा म्हटलं की ती रास परत खाडीत जाई. त्याच्याशी कुणी वाद घालत नसे.

त्याची बायको मात्र खाडीकडची नव्हती. ती आली होती लांबच्या डोंगरातून. तिथे मीठ वर्षातून एकदा बैलाच्या पाठीवरून येई आणि दागिन्यासारखं जपून ठेवलं जाई. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या गाठोड्यात आईने बांधून दिलेले कुळीथ होते. पहिल्याच दिवशी तिने त्याचं कढण केलं, अगदी आई करायची तसं.

पंगत बसली. नव्या नवऱ्याने भातावर कढण घेऊन एक घास खाल्ला आणि तो मोठ्याने हसला.

"अगं, मीठ घालायला विसरलीस, की माहेरीच ठेवून आलीस?"

असं म्हणून त्याने मूठभर मीठ कढणात टाकलं. सगळी पंगत हसली. त्या दिवसापासून गाव तिला 'अळणी' म्हणू लागलं. रागाने नाही, लाडानेच. तिला काय वाटतं हे मात्र कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मीठ थोडं वाढवलं. तिसऱ्या दिवशी आणखी थोडं. वर्षभरात तिचा हात गावासारखाच खारट झाला. नाव मात्र 'अळणी'च राहिलं. आणि कढण तिने पुन्हा कधी केलं नाही.

अशी चाळीस वर्षं गेली.

मग एका सकाळी म्हाताऱ्याच्या वहाणा त्याच्या पायांत जाईनात. त्याला वाटलं, वहाणाच आखडल्या. दुसऱ्या दिवशी डोळे सुजलेले, डोकं जड. आठवड्याने मिठागराचा बांध चढताना तो तीनदा थांबला. म्हातारीने पलीकडच्या तीरावर निरोप धाडला आणि वैदीणबाईला होडीतून बोलावून आणलं.

दारात म्हाताऱ्याने रीतीप्रमाणे तिच्या तळहातावर मीठ ठेवलं. वैदीणबाईने ते चाटलं नाही. कपाळाला लावलं आणि परत मडक्यात टाकलं.

म्हाताऱ्याच्या भुवया वर गेल्या. "भांडायला आलात का, बाई?"

"हो," ती म्हणाली, "तुमच्याशीच."

तिने त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढून घेतला तरी खड्डा तसाच राहिला, ओल्या चिखलात उमटावा तसा. इथपर्यंत आलं की मला दर वेळी स्वतःची नडगी दाबून बघावीशी वाटते. तुम्हीही बघितलीत तर हसणार नाही मी.

"मीठ अर्धं करा," वैदीणबाई म्हणाली. "मग अर्ध्याचं अर्धं. हळूहळू. जीभ तीन-चार आठवडे भांडेल, मग गप्प बसेल. नाही केलंत, तर पुढच्या वर्षी मीठ पिकेल ते बघायला तुम्ही नसाल."

म्हातारीच्या हातातला तांब्या निसटून खाली पडला.

म्हातारा मात्र चिडला. "बाई, जीभ हेच माझं हत्यार. तिला मीठ दिलं नाही तर ती बोथट होईल. मग या गावात मी कोण?"

"जिवंत माणूस," वैदीणबाई म्हणाली आणि होडीत जाऊन बसली.

त्या दिवसापासून म्हातारीने हात आखडता घेतला. पहिल्या जेवणाला म्हाताऱ्याने घास तोंडात घोळवला आणि विचारलं, "हे काय आहे? ओला कापूस?"

"दुधीची भाजी."

"दुधीला कळलंय का हे?"

ती हसली नाही. ती त्याच्या पायांकडे बघत होती.

दुसऱ्या आठवड्यात त्याची कुरकुर आपोआप थांबली. तो मुकाट्याने जेवू लागला, अगदी शहाण्यासारखा. म्हातारी मनातून हरखली. पण पाय काही उतरेनात. उलट सूज गुडघ्याला भिडली. रोज दुपारी तो झोपला की ती त्याच्या नडगीवर हळूच अंगठा दाबून बघे. खड्डा रोज थोडा खोल असे.

मग एका दुपारी मिठागरातून हाका आल्या. म्हातारा राशीशेजारी कोसळला होता.

घाबरू नका, तो गेला नाही. लोकांनी त्याला सावलीत आणलं, तेव्हा त्याचा श्वास चालू होता, पण भात्यासारखा. म्हातारी धावत आली. त्याच्या मिश्यांवर मिठाचे कण चमकत होते.

"किती?" तिने विचारलं.

त्याने मान फिरवली.

"अहो, मी विचारतेय, किती?"

"राशी नऊ," तो पुटपुटला. "एकेकीची चिमूट. थोडी मोठी. आणि येता-जाता अकरा घरं. आता दारात गेल्यावर नाही कसं म्हणायचं? रीत आहे."

म्हणजे घरात अळणी आणि गावभर खारट! म्हातारी तिथेच ओल्या बांधावर बसली आणि रडली. मग पदराने तोंड पुसलं आणि उठली.

त्या संध्याकाळी ती त्या अकरा घरांत गेली. पहिलंच घर शेजाऱ्याचं. तोही मिठागरवालाच, तोंडाचा फटकळ. त्याने तिच्या हातावर मीठ ठेवलं. तिने ते कपाळाला लावलं आणि परत मडक्यात टाकलं.

"काकी!" शेजारी उडालाच. "आमचं मीठ नको झालं?"

"मीठ हवंय बाबा, आणि माणूसही हवाय. उद्यापासून ते असंच करतील. तुझा मान कपाळावर राहील, त्यांच्या पोटात जाणार नाही."

"आजोबांच्या आजोबांपासूनची रीत आहे ही. बाहेरून आलेल्या बाईने ती मोडायची?"

"चाळीस वर्षं झाली रे मला बाहेरून येऊन," ती म्हणाली. "तुम्ही सगळे हसलात म्हणून मी त्यांच्या ताटात रोज थोडं थोडं मीठ वाढवत गेले. तेव्हा रीत मोडली नाही, माणूस मोडला. आता माझं ऐका."

शेजाऱ्याने मान हलवली. राग मात्र त्याने मनात ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून म्हातारा मिठागरात निघाला, की म्हातारीही पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्याबरोबर निघे. दारोदार तो मीठ कपाळाला लावी. राशीपाशी ती म्हणे, "एकच खडा. जिभेला लावा, थुंका आणि चूळ भरा." तो एकच खडा घेई आणि कसनुसं तोंड करून म्हणे, "काही कळत नाही गं. जीभ मेली माझी."

पहिला आठवडा वाईट गेला. दुसराही. घरी म्हातारी कधी लसणीची फोडणी देई, कधी आमसूल घाली, कधी ओलं खोबरं आणि मिरी. म्हातारा खाई, पण सुतकात बसल्यासारखा.

तिसऱ्या आठवड्यात एकदा तो नुसता भात चावता चावता थांबला.

"यात गूळ घातलास?"

"भातात कोण गूळ घालतं?"

"मग हा गोड कसा?" त्याने आणखी एक घास घेतला, सावकाश. "लहानपणी आई पेज द्यायची ना, ती अशी लागायची. मी समजत होतो, तो तांदूळच आता पिकत नाही."

म्हातारीने चुलीआड तोंड केलं. तिला भीती वाटत होती, बोललं तर हे निसटून जाईल.

त्याच सुमाराला वर्षाचं शेवटचं मीठ आलं. राजाकडे जायची रास शेजाऱ्याची होती. सगळ्यांनी चिमटी चिमटी चाखून "छान आहे हं" म्हटलं होतं. म्हातारा काठी टेकत आला तेव्हा शेजारी मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "अळणीच्या हातचं खाऊन जीभ अळणी झालीय काकांची. चाखायचं म्हणून चाखा आता."

म्हाताऱ्याने एक खडा जिभेला लावला आणि डोळे मिटले.

"मोडा."

"काय?"

"कडू आहे. वाफ्यातलं शेवटचं कडू पाणी सोडून द्यायचं असतं, ते तू घाईत सोडलं नाहीस. त्याच्यावरच मीठ ओढलंस."

शेजाऱ्याचा चेहरा उतरला. कारण ते खरं होतं आणि ते त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. लोकांनी पुन्हा चाखलं, चुळा भरून, एक एक खडा, बराच वेळ जिभेवर ठेवून. तेव्हा कुठे एकेकाचं तोंड वाकडं झालं. ती रास राजाच्या ताटात गेली असती, तर गावाचं मीठ तिथे पुन्हा कधी गेलं नसतं.

म्हातारा घरी आला तो बांध एका दमात चढून. वहाणा पायांत होत्या आणि सैल होत होत्या. दारातच त्याला वास आला.

म्हातारीने कुळीथ शिजवले होते. चाळीस वर्षांनी. पण ती चुलीपाशी हिरमुसून बसली होती.

"जमत नाहीये हो. आईसारखं होत नाहीये. आमसूल घातलं, लसूण ठेचून घातली, तिरफळ घातलं. काहीतरी राहतंय. आईची चव मीच विसरले."

म्हाताऱ्याने वाटी घेतली आणि एक घोट प्याला. मग वाटी नाकाशी नेऊन वास घेतला.

"लसूण ठेचलेली नव्हती," तो म्हणाला. "निखाऱ्यात भाजलेली होती. सालासकट. धुराचा वास होता तिला."

म्हातारी बघतच राहिली. तिला दिसलं ते डोंगरातलं घर, चुलीतल्या राखेत लसणीचा गड्डा खुपसणारी आई, आणि काळी झालेली आईची बोटं.

"तुम्हाला कसं आठवतं?"

"पहिला घास खाल्ला होता ना मी. मीठ टाकायच्या आधी." त्याने मान खाली घातली. "छान झालं होतं गं. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी मीठ चाखणारा. मीठ कमी लागलं की हसायचीच सवय होती मला."

तिने चिमट्याने निखारे पुढे ओढले आणि लसणीचा एक गड्डा त्यात ठेवला.

पुढच्या वर्षी मीठ पिकलं, तेव्हा म्हातारा बांधावर उभा होता. त्याच्या पुढच्या वर्षीही होता. असे आठ हंगाम त्याने पाहिले. गावाने हळूहळू दारातलं मीठ कपाळाला लावायची रीत धरली. सर्वांत शेवटी शेजाऱ्याने धरली, आणि ज्या दिवशी धरली त्या दिवशी त्याने म्हातारीला विचारलं, "काकी, ते कढण कसं करता?" त्यानंतर तिला 'अळणी' म्हणून कुणी हाक मारली नाही.

तात्पर्य : सवय थोडी थोडी कमी केली, तर आयुष्य वाढतं आणि हरवलेली चवही परत येते.