कोंडाईच्या दारातला विस्तू

उंबरदऱ्यात शिरताना डाव्या हाताला काळाठिक्कर पडलेला खडक लागतो. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्री अख्खं गाव त्यावर जमतं. पाहुण्यांना ती शेकोटी वाटते; हौसेने फोटो काढतात बिचारे. शेकोटी नाही ती.

असं सांगतात, की फार पूर्वी खडकाला लागूनच कोंडाई नावाच्या म्हातारीचं खोपट होतं. मुलगा साप चावून गेलेला. घरात राही नावाची बाळंतीण सून आणि कालपरवा जन्मलेली नात. त्या वर्षी नेमका मोठ्या रातीच्या तोंडावर अवकाळी पाऊस कोसळला, छप्पर गळलं आणि चूल विझली. गारगोटी घासून कोंडाईचे हात सोलले, पण कापूस ओला, ठिणगी धरेना. बाळ निळं पडायला लागलं. तशी ती खापर घेऊन दारोदार विस्तू मागायला निघाली.

गावात तेव्हा एक समज होता. मोठ्या रातीला ज्या घराचा विस्तू उंबऱ्याबाहेर जाईल, त्या घरातलं कुणीतरी वर्षभरात जाणार, म्हणे. मनाने वाईट कुणीच नव्हतं, पण जो तो आपल्या लेकरांकडे बघत होता. सोयर असल्यामुळे बाळबाळंतिणीला कुणी घरातही घेईना. कुणी घोंगडी दिली, कुणी गूळ दिला. विस्तू मात्र कुणी दिला नाही. शेवटचं घर शेजारच्या भागूजीचं.

"दिस उगवू दे, कोंडाई," तो म्हणाला. "मग हवा तेवढा ने."

"दिस उगवंल रं. तो बघायला माझ्या घरात कोण उरंल?"

उजाडल्याबरोबर भागूजी खापरभर निखारे घेऊन धावला. कोंडाई दोघींना कुशीत घेऊन बसली होती. दोघीही गार पडल्या होत्या. तिने उठून दार लावून घेतलं.

पुढच्या वर्षी त्याच रात्री गावाने घराघरातल्या चुली रिकाम्या केल्या आणि सगळा विस्तू आणून तिच्या दारासमोर, या खडकावर ओतला. भागूजीने हाक मारली, "कोंडाई, विस्तू आणलाय. घे."

आतून आवाज आला, "आता कुणाला शेकू?"

दार उघडलं नाही. लोक उजाडेपर्यंत बसून राहिले. ती होती तोवर दर वर्षी आले आणि दर वर्षी तसेच परतले.

आजही त्या रात्री गावात घरची चूल पेटत नाही. खडकावर जाळ होतो, भाकरी होतात, गाणीही होतात. पण आधी गावातलं सगळ्यात म्हातारं माणूस खोपटाच्या जागेकडे तोंड करून म्हणतं, "कोंडाई, विस्तू घे," आणि सगळे गप्प उभे राहतात. उत्तर येत नाही. ते येणार नाही, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. तरी तेवढा वेळ वाट पाहिल्याशिवाय इथे कुणी हात शेकत नाही.