हणमंताने बंद केलेल्या दोन वाटा

डोंगरापलीकडच्या एका गावात हणमंत नावाचा तंत्रज्ञ होता. गावाचं वायफाय तोच सांभाळायचा. एका वर्षी गावाने नवा राउटर आणला. तो एकाच वेळी तीन रेडिओ-वाटांनी माहिती नेऊ शकायचा. पहिली वाट संथ, पण दगडी भिंतींतूनही पार जाणारी. दुसरी मध्यम. तिसरी सगळ्यात वेगवान, पण भिंत आडवी आली की तिचा जोर संपायचा.

हणमंताला वेगाचं भारी वेड. त्याने पहिल्या दोन वाटा बंदच करून टाकल्या.

आरोग्य केंद्रातल्या सुलभाताई नर्स म्हणाल्या, "हणमंता, आमच्या आतल्या खोलीत डॉक्टरांशी बोलताना टॅबवरचं चित्र अडकतं रे."

"ताई, टॅब घेऊन दारात उभ्या राहत जा," तो हसून म्हणाला.

एके दुपारी शेजारच्या सभागृहात कबड्डीचा सामना रंगला. जो तो मोबाईलवरून, त्याच एका चालू वाटेने, नातेवाइकांना खेळ थेट दाखवत होता. त्याच वेळी आरोग्य केंद्रात एक बाई बाळंत झाली. बाळ रडेना. सुलभाताई त्याच्या तोंडावर मास्क ठेवून पंपाने श्वास देऊ लागल्या आणि टॅबवर तालुक्याच्या डॉक्टरांना जोडून घेतलं.

"मास्क नीट बसला नाहीये," डॉक्टर म्हणाले. "बाळाची हनुवटी जरा..."

चित्र थिजलं. आवाजही गेला.

बाळाचा बाप धावत सभागृहात, सामना पाहत बसलेल्या हणमंताकडे आला. "हणमंतदादा, डॉक्टर दिसेनासे झाले! बाळ श्वास घेत नाही!"

"सामना बंद करू का?" कुणीतरी विचारलं.

"नको, त्याला वेळ लागेल," म्हणत त्याने लॅपटॉप उघडला आणि दोन्ही बंद वाटा सुरू केल्या. आरोग्य केंद्राचा आवाज पहिलीवर, चित्र दुसरीवर, सभागृहाची गर्दी तिसरीवर.

आतल्या खोलीत डॉक्टरांचा आवाज पुन्हा उमटला. "...हनुवटी वर उचला. हं, आता दाबा. पुन्हा."

ताईंनी तसंच केलं. तिसऱ्यांदा दाबल्यावर बाळाने टाहो फोडला.

बाहेर आलेल्या ताईंना हणमंत म्हणाला, "चूक माझीच, ताई. लोकांनी वेगाचं कौतुक करावं म्हणून मी हे केलं."

"मग हे ग्रामसभेतही सांग," ताई म्हणाल्या.

त्याने सांगितलं, काहीही न लपवता. तेव्हापासून त्या गावात तिन्ही वाटा चालू असतात आणि एक तुंबली की दुसरी भार उचलते.

तात्पर्य एवढंच: सगळं ओझं एकाच वेगवान वाटेवर टाकू नये, ज्याची जशी गरज, तशी त्याला वाट द्यावी.