टेहळ्याचा वाटा

फार पूर्वी घाटाच्या तोंडाशी एक गाव होतं आणि त्या गावाला एक टेहळ्या होता. खिंडीवरच्या बुरुजावर दिवसभर उभं राहायचं, खालच्या माळावर नजर ठेवायची आणि लुटारूंची टोळी दिसली की शिंग फुंकायचं, एवढंच त्याचं काम. एवढंच म्हणायला सोपं आहे. रणरणत्या उन्हात रिकामा माळ बघत उभं राहणं कुणी एक दिवस करून बघावं. हा टेहळ्या ते उभा जन्म करत आला होता. त्याचं शिंग वाजलं की गाव हातातला घास टाकून उठायचं. "कशावरून?" असं कधी कुणी विचारलं नाही.

पण आता त्याचे गुडघे कुरकुरू लागले होते. बुरुजाच्या पायऱ्या चढताना तो मध्येच बसायचा. बायको म्हणायची, "अहो, आणखी किती वर्षं चढणार? एक म्हैस घेऊ, नदीकाठी चार वाफे घेऊ. मी दूध घालीन, तुम्ही भाजी लावा." टेहळ्याला ते मनापासून पटत होतं. गाठीला थोडी पुंजीही होती. पण तेवढ्या पैशांत म्हैस आली असती तर वाफे राहिले असते, आणि वाफे घेतले असते तर म्हैस राहिली असती.

त्याच गावात एक लोहार होता. वयाने तरुण, डोक्याने तल्लख आणि वागायला सरळ. त्याने एक नवलाचं दार घडवायला घेतलं होतं. खिंडीच्या वर साखळदंडांनी टांगलेलं, खालच्या कडेला लोखंडी सुळे. एक खुंटी उपटली की दार धाडकन खाली, मग हत्तीने धडक दिली तरी हलायचं नाही. राजाला ते पसंत पडलं, तर राज्यातल्या प्रत्येक खिंडीला तसंच दार बसणार होतं. पण दार पुरं करायला लोखंड हवं, कोळसा हवा, हाताखाली माणसं हवीत. म्हणून लोहाराने ठरवलं, ओळखीच्या माणसांना आपल्या कारखान्यात वाटे द्यायचे. पैसे देणाऱ्याच्या हातावर तो एक तांब्याचा बिल्ला ठेवायचा.

"आधीच सांगतो," तो प्रत्येकाला म्हणायचा. "राजाची मोहोर मिळेपर्यंत हा बिल्ला बाजारात विकता यायचा नाही. मोहोर मिळाली की कुणालाही विका, येईल त्या भावाला. नाही मिळाली तर पैसे बुडाले समजा. आणि मी कुणाचं नाव लिहून ठेवत नाही. बिल्ला ज्याच्या हातात, वाटा त्याचा. बिल्ला गेला की वाटा गेला."

सगळ्यात जास्त वाटे नगरशेठने घेतले. मग एके दिवशी तो धापा टाकत बुरुजावर चढला.

"अरे, तू अजून घेतला नाहीस?" तो टेहळ्याच्या कानाशी लागला. "मोहोर मिळाली की एकाचे दहा होतील. बाहेर बोलू नकोस, हे आपल्या आपल्यात आहे. तू घरचा माणूस म्हणून सांगतोय."

एकाचे दहा म्हणजे म्हैसही आणि वाफेही. टेहळ्याने बायकोला विचारलं, दाराकडे जाऊन दोनदा बघून आला, आणि सगळी पुंजी लोहाराच्या हवाली केली. मिळालेला बिल्ला त्याने कनवटीला खोचला.

बाहेर बोलू नकोस म्हणणारा शेठ स्वतः मात्र गावभर बोलत सुटला. "टेहळ्यानेसुद्धा वाटा घेतलाय! जो रोज शत्रूची वाट बघतो, त्याला दाराची पारख नसेल तर कुणाला?" लोकांना ते पटलं. राहिलेले वाटे हातोहात खपले, आणि टेहळ्याच्या कनवटीला काय आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं.

इकडे बुरुजावर काहीतरी बिघडलं. पूर्वी माळावर धुरळा दिसला की टेहळ्याला गावाची काळजी वाटायची. आता धुरळा दिसला की त्याचा जीव उगाच हुरळायचा. टोळी आली तर दाराची गरज पटेल, गरज पटली तर मोहोर मिळेल, मोहोर मिळाली तर म्हैस! एका सकाळी त्याने असाच धुरळा पाहिला आणि शिंग ओठांना लावलंसुद्धा. मग धुरळ्यातून शेळ्या बाहेर आल्या. टेहळ्याने शिंग खाली घेतलं आणि त्याला जाणवलं की शेळ्या बघून आपला चक्क हिरमोड झाला आहे. तो स्वतःशीच ओशाळला.

दार तयार झालं. ते पारखायला राजाचा कारभारी येणार, अशी खबर आली. आदल्या दिवशी शेठ पुन्हा बुरुजावर हजर.

"उद्या कारभारी दारापुढे उभा असेल तेव्हा एकदा शिंग फुंक," तो म्हणाला. "दार पडेल, कारभारी चाट पडेल. कुणाचं काही नुकसान नाही. मग सांगू, लुटारू आल्या पावली पळाले."

टेहळ्याने माळाकडे पाहिलं. खोटं कशाला बोला, त्याच्या डोळ्यांपुढे म्हैस उभी राहिली होती. पण मग त्याने मान हलवली. "टोळी दिसली तर फुंकीन. नाहीतर नाही. शेठजी, तुम्ही खाली उतरा."

"तुझाच तोटा," म्हणत शेठ उतरला.

दुसऱ्या दिवशी सारं गाव खिंडीत जमलं. कारभारी दाराखालून फिरला, साखळ्या ओढून पाहिल्या, दाराशेजारीच मांडलेल्या भट्टीच्या भात्याशी उभ्या असलेल्या लोहाराला चार प्रश्न विचारले. आणि नेमकं तेव्हाच टेहळ्याला माळावर धुरळा दिसला. त्याने डोळे चोळले. शेळ्या नव्हत्या. घोडे होते, भाल्यांची पाती उन्हात लकाकत होती. टोळी घाटाकडे वळली होती.

त्याने छाती फुटेस्तोवर शिंग फुंकलं.

खाली लोक हसले. कुणी टाळ्याही वाजवल्या. "वाजलं! चढला वाट्याचा भाव!" एक बाई म्हणाली. शेठ तर खुशीने फुलला, त्याला वाटलं टेहळ्या शेवटी शहाणा झाला. कारभाऱ्याच्या कपाळाला मात्र आठी पडली. "ही असली नाटकं मी खूप पाहिली आहेत. दार वरच राहू द्या."

टेहळ्याने पुन्हा फुंकलं. कुणी जागचं हललं नाही. त्याला कळून चुकलं. शिंग तेच होतं, छातीही तीच होती, पण आता त्याच्या आवाजाला बिल्ला लटकलेला होता. टोळीला घाट चढायला अजून थोडा वेळ होता. गुडघ्यांची पर्वा न करता तो पायऱ्या उतरत सुटला.

"टोळी आलीय! खुंटी काढा!" तो गर्दीत घुसून ओरडला.

"काढतो की," खुंटीवरचा पहारेकरी हसत म्हणाला. "तुझी म्हैस कधी आणतोस?"

टेहळ्या वाद घालत बसला नाही. कनवटीचा बिल्ला काढून तो लोहाराच्या भट्टीपाशी गेला.

"काका, काय करताय!" लोहार ओरडला. "आज मोहोर मिळायची आहे!"

शेठने त्याचा हात धरला. टेहळ्याने गर्दीत उभ्या असलेल्या आपल्या बायकोकडे पाहिलं, कारण पुंजी तिचीही होती. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं. पण आवाज खणखणीत होता.

"बघता काय? टाका!"

टेहळ्याने हात सोडवून घेतला आणि बिल्ला भट्टीत टाकला. लोहाराचा भाता चालू होता. सगळ्यांच्या देखत तांबं लाल झालं, मऊ झालं आणि निखाऱ्यांत ओघळलं.

"आता सांगा," टेहळ्या म्हणाला, "त्या दारात माझं काय राहिलं? टोळी आलीय."

कुणी हसलं नाही. पहारेकऱ्याने खुंटी उपटली. दार धाडकन खाली आलं, आणि धुळीचा लोट खाली बसतोय न बसतोय तोच पलीकडे टापा वाजल्या. लुटारूंनी दारावर ओंडके आपटले, भाले मोडून घेतले, शिव्या दिल्या. दार हललं नाही. शेवटी ते आले तसे माघारी गेले.

कारभाऱ्याने जागच्या जागी मोहोर उमटवली. वाटे बाजारात आले आणि खरोखरच एकाचे दहा झाले. शेठने नवा वाडा बांधला. टाळ्या वाजवणाऱ्यांनी बैल घेतले, पाटल्या केल्या. टेहळ्याच्या घरी म्हैस आली नाही. त्याची बायको एकदाच म्हणाली, "बाजारात बघून ठेवली होती हो मी. कपाळावर चांद होता तिच्या." मग डोळे पुसून ती भाकऱ्या थापायला बसली.

लोहाराला चैन पडेना. तो एक नवा बिल्ला घेऊन आला. "काका, हा घ्या. तुमच्यामुळे सगळं झालं."

"दार तुझं उत्तम आहे, पोरा," टेहळ्या म्हणाला. "वाटा घेणाऱ्यांनी काही पाप केलं नाही. पण मला नको. मला त्या माळाकडे सरळ नजरेनं बघायचंय."

लोहाराने खूप आग्रह केला, टेहळ्या बधला नाही. तेव्हा लोहाराने गुपचूप बुरुजाच्या पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवून दिला. त्याला धरून टेहळ्या पुन्हा वर चढू लागला.

पुढे एका धुक्याच्या सकाळी टेहळ्याने शिंग फुंकलं. गाव धावलं, दार पडलं, पुरुष काठ्या घेऊन उभे राहिले. धुकं विरलं तेव्हा दारापलीकडे एक लग्नाचं वऱ्हाड घाबरून थिजलं होतं. टेहळ्या शरमेने अर्धा झाला आणि खाली येऊन हात जोडू लागला.

"असू द्या हो, धुकंच किती होतं," पहारेकरी म्हणाला आणि त्याने साखळी ओढायला माणसं बोलावली. लोक हसत हसत घरी गेले. यात टेहळ्याला काय मिळालं, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

तात्पर्य: पैसा चांगल्या कामात जरूर गुंतवावा, पण ज्याच्या शब्दावर गाव उठतं, त्याने गावाच्या भीतीत आपला वाटा ठेवू नये.