अळणी पाणी

दिवसाचा तिसरा प्रहर. नगराची पश्चिम वेस बंद. वेशीबाहेरच्या कोरड्या खंदकात उत्पला नावाची स्त्री अतिसाराने पडलेली. वेशीच्या आत राजाची वैद्यशाळा, आणि तिची कोठारे भरलेली. ही वेळ कशी आली, ते असे.

त्या नगरात राजा सुबाहू राज्य करीत असताना बोधिसत्त्व वैद्यकुळात जन्मला आणि पुढे वैद्यशाळेचा प्रमुख झाला. शेजारच्या राज्याशी युद्ध चालू होते. सुबाहूच्या सैन्याने किनाऱ्यावरची गावे जाळली. तिथली माणसे पळाली आणि दुसरी वाट नसल्यामुळे जाळणाऱ्याच्याच वेशीपाशी येऊन थांबली. राजाज्ञा होती की डोंगराकडून आलेल्यांना औषध द्यावे. किनाऱ्यावरचे लोक शत्रूची प्रजा, त्यांना नदीपार हाकलावे. मग काय, खंदकातला प्रत्येक जण डोंगरातला झाला.

बोधिसत्त्वाचा एक नेम होता. कोणत्या पाण्यावर वाढलास, हे विचारल्याशिवाय तो रोग्याला औषध देत नसे. उत्पलेचा नवरा पूर्णक म्हणाला, "डोंगरातल्या झऱ्याच्या." बोधिसत्त्वाने डोंगरी माणसाला मानवणारी बिनमिठाची पेज सांगितली. ती पिऊन उत्पला आणखीच खंगली.

पुढच्या खेपेला त्याने तिच्या तोंडाला नदीचे पाणी लावले. तिने भांडे दूर सारले.

"अळणी आहे."

पूर्णक घाईने म्हणाला, "बरळतेय ती, वैद्यराज."

बोधिसत्त्वाने भांडे खाली ठेवले. नदीचे पाणी अळणी कोणाला लागेल, हे त्याला कळले होते. "पूर्णका," तो हळूच म्हणाला, "तुझ्या बायकोचं पाणी मला कळलं पाहिजे. राजाला कळायची गरज नाही."

पूर्णकाने मान खाली घातली. उत्पलाच बोलली. "जन्मभर मिठागरात उभा राहिला हा माणूस, आणि म्हणे डोंगरातला. टेकाड चढताना धाप लागते त्याला." मग तिने गावाचे नाव घेतले. "लवणतीर. विहिरीचं पाणी जरासं खारं. पाहुणा आला की तोंड वाकडं करायचा. आम्ही हसायचो. तेच पाणी एकदा प्यायचंय."

त्या दिवसापासून पेजेत मीठ पडू लागले. उत्पला उठून बसली. ही गोष्ट खंदकात पसरली, तसे एकेक जण येऊन आपले खरे गाव सांगू लागला. निरोगी माणसेही येत. त्यांना औषध नको असे. कुणाजवळ तरी गावाचे नाव घ्यायचे असे, तेवढे घेऊन ती परत जात.

अमात्याच्या नजरेतून मीठ सुटले नाही.

"डोंगरातली माणसं एवढं मीठ खायला कधीपासून लागली?" त्याने विचारले. "किनाऱ्यावरचे कोण ते सांग. राजवैद्याची जागा रिकामी आहे."

"त्यांनी पाणी सांगितलं ते बरं होण्यासाठी," बोधिसत्त्व म्हणाला. "ते तुम्हाला दिलं, तर उद्या माझ्याशी कोणी खरं बोलणार नाही."

"एवढा जिव्हाळा आहे तर त्यांच्यातच जाऊन राहा."

"जातो."

तो रिकाम्या हातांनी वेशीबाहेर पडला. मागे वेस लागली. खंदकात उत्पलेचा आजार उलटला होता. बोधिसत्त्वाने दारावर थापा मारल्या. "मूठभर मीठ द्या," तो म्हणाला. आत पावले वाजत होती. कोणी उघडले नाही.

"आता भरती आली असेल," उत्पला पूर्णकाला म्हणाली. "विहीर भरली असेल बघ."

तिसऱ्या प्रहरी ती गेली. मिठागऱ्याची बायको मिठावाचून गेली.

बोधिसत्त्व नगरात परतला नाही. जन्मभर तो त्या माणसांबरोबर गावोगाव हिंडला. त्यांची गावे त्याने कोणालाही सांगितली नाहीत. संध्याकाळी मात्र तो पूर्वेकडे, आपल्या नगराच्या दिशेला तोंड करून बसे. तेव्हा पूर्णक त्याला विचारी, "वैद्यराज, तुमचं पाणी कोणतं?" आणि तो आपल्या अंगणातल्या आडाबद्दल बोलत राही.

पुढे वेशीबद्दल विचारणा झाली. राजा म्हणाला, वेस लावायला मी सांगितले नव्हते. अमात्य म्हणाला, मी वैद्याला जा म्हटले, दार लावा म्हटले नाही. द्वारपाल म्हणाला, मी आलो तेव्हा ती लागलेलीच होती.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा पूर्णक म्हणजे आजचा भिक्षू आनंद. उत्पला म्हणजे आजची भिक्षुणी खेमा. तो वैद्य मीच होतो. त्या जन्मी मी मैत्री पारमिता, सर्वांविषयीच्या मैत्रीचे व्रत, पाळली."

एका भिक्षूने विचारले, "भंते, आणि वेशीला अडसर घालणारा? तो आपला जन्मोजन्मीचा वैरी देवदत्तच ना?"

"नाही," शास्ते म्हणाले. "देवदत्त त्या जन्मी त्या नगरात नव्हता."

अडसर आतून घातलेला होता.