जैसे थे

"मग न्यायालयानं दिलेला हा निकाल खोटा आहे का, बुवा?"

रघुनाथ उकेनं निकालाची प्रत डोमाजीबुवांसमोर ठेवली. बुवा अंगणात जाळं विणत होते. तलावाकाठच्या धीवरांची मच्छीमार सहकारी संस्था बुवांनीच उभारलेली, आणि अध्यक्षाच्या खुर्चीवर रघुनाथला बसवलं तेही त्यांनीच.

"खोटा कशाला? वाच."

रघुनाथनं वाचलं. नऊ वर्षांपूर्वी सहायक निबंधकांनी त्याची कार्यकारिणी बरखास्त करून प्रशासक नेमला होता. बाजू मांडायची संधीच दिली नव्हती. म्हणून तो आदेश आता रद्द झाला होता.

"म्हणजे त्यांनी तुझं ऐकलं नव्हतं."

"एक शब्द नाही!"

बुवांनी एक गाठ मारली.

"आणि तू कोर्टात गेलास, तेव्हा आपली माणसं काय म्हणाली होती?"

रघुनाथला आठवलं. माणसं दारात येऊन बसली होती. म्हणाली होती, कोर्टानं 'जैसे थे' म्हटलंय, तलाव प्रशासकालाही बंद आणि आपल्यालाही. खटला मागे घे. निवडणूक होऊ दे. वाटलं तर पुन्हा तूच ये.

"मागे घे म्हणाली."

"मग?"

"माझ्यावर डाग होता, बुवा…"

तलावात नऊ वर्षं माशांचं बीज पडलं नाही. काठावरची बेशरमीची झुडपं पार मधोमध पोचली. एकेक घर कुलूप लावून हैदराबादेला सेंट्रिंगच्या कामावर गेलं.

"बरं झालं, जिंकलास," बुवा म्हणाले. "आता तू अध्यक्ष. सभा घे."

"आत्ता?"

"रजिस्टर आणलंयस ना?"

सकाळीच प्रशासकाकडून ताब्यात घेतलेलं सभासद रजिस्टर त्याच्या काखेत होतं. त्यानं ते उघडलं. बुवांनी जाळं बाजूला ठेवलं, धोतर सारखं केलं आणि सभेत बसावं तसे ताठ बसले.

"अंताराम चाचेरे," रघुनाथनं वाचलं.

अंगण शांत.

"कवडू दिघोरे… तो हैदराबादेला…"

"नुसतं नाव घे."

त्यानं नावं घेतली. प्रत्येक नावानंतर बुवा थांबायचे. रस्त्याकडे बघायचे, माणूस येत असावा तसे. मग मान हलवायचे.

अठराव्या नावावर रघुनाथचं बोट थांबलं.

"घे," बुवा हळूच म्हणाले.

"झिबल… झिबल उके."

त्याचा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबवरून पडला. निरोप आला तेव्हा रघुनाथ नागपुरात, तारखेला उभा होता.

बुवा या नावाला सगळ्यात जास्त वेळ थांबले.

…

एकेचाळीस नावं झाली. त्यांतल्या दोघांनी 'हजर' म्हटलं होतं. एक बुवा, एक तो स्वतः.

रजिस्टर मिटून रघुनाथ ओंजळीत तोंड घालून रडू लागला. बुवांनी त्याला रडू दिलं. मग सरकून आपल्या चटईवर त्याला जागा केली.

"आता काय करू, बुवा?"

बुवांनी पुन्हा रस्त्याकडे पाहिलं.

"गणपूर्ती झाली नाही, अध्यक्षसाहेब. नियमाप्रमाणे अर्धा तास वाट बघायची असते… बसा."